जोक सांगितल्याशिवाय चॉकलेट नाही

लोरीन टेबोचं डोकं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जे फिरलं, ते हॅलोवीन उलटून गेला तरी ठिकाणावर आलं नाही. तशी बाई मुळातच तापट. सेंट लुईसच्या दक्षिण भागातल्या आमच्या गल्लीत तिच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नाही. तिच्या दारापुढे कुत्रं घाण करून गेलं तर ती मालकाला आणि कुत्र्याला, दोघांना नावानिशी शिव्या घालते. पण या खेपेचा राग निराळा होता. तिच्या दाराच्या फटीतून एक कागद आत पडला होता आणि त्याला चार पिवळे पट्टे टाचलेले होते, इस्पितळात पेशंटच्या मनगटाला बांधतात तसले.

कागद गल्लीच्या समितीचा होता. यंदा हॅलोवीनला, म्हणजे एकतीस ऑक्टोबरच्या संध्याकाळी पोरं भुताखेतांचे वेष करून दारोदार चॉकलेट मागत फिरतात तेव्हा, गल्लीच्या दोन्ही तोंडांना बॅरिकेड लागतील. गल्लीत राहणाऱ्या प्रत्येक मुलाने मनगटाला पिवळा पट्टा बांधावा. ज्याच्या हाती पट्टा नाही, त्याला रहिवाशांनी चॉकलेट देऊ नये, ही नम्र विनंती. घरी नातवंडं येणार असतील तर त्यांच्यासाठी सोबत चार पट्टे. खाली सही, ब्राइस हॅलोरन, अध्यक्ष.

लोरीनला नातवंडं नव्हती. मूलबाळच नव्हतं, आणि नवरा वेंडेल जाऊन नऊ वर्षं झाली होती. रिकाम्या स्वयंपाकघरात उभं राहून तिने मोठ्याने विचारलं, “चार पट्टे बांधू कोणाला, खुर्चीच्या पायांना?” आणि तळपायाची आग मस्तकात गेलेल्या त्या बाईने खरंच चारही पट्टे आपल्या घडीच्या खुर्चीच्या चार पायांना बांधून टाकले. पट्टे असले चिवट की एकदा चिकटवले की कात्रीशिवाय निघत नाहीत.

आता एवढं आकाशपाताळ एक करायला झालं काय, असं कोणी म्हणेल. तर ऐका.

लोरीनने सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली, ती शहराच्या उत्तर भागात. तिकडे अर्धी घरं फळ्या ठोकून बंद. संध्याकाळी दारात दिवा लागायचा तो चार घरं सोडून एखाद्या घरी. हॅलोवीनला पोरांनी वेष करून जायचं तरी कोणाकडे? दर ऑक्टोबरात लोरीन सिग्नलला बस थांबली की आरशातून मागे बघत ओरडायची, एकतीस तारखेला माझ्या गल्लीत या, माझ्या दारात दिवा असेल. पण हात हलवत यायचं नाही, जोक घेऊन यायचं.

कारण आमच्या शहराचा तो कायदाच आहे. बाकी देशात पोरं पिशवी उघडून उभी राहतात आणि त्यात चॉकलेट पडतं. आमच्याकडे तसं चालत नाही. पोराने आधी जोक सांगायचा, मग हात पुढे करायचा. बाहेरगावचे लोक याला हसतात. हसू देत.

आणि या कायद्याची सगळ्यात कडक न्यायाधीश म्हणजे लोरीन. दुपारपासून तिच्या घरात चिलीचं, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्श्याचं, पातेलं रटरटत असायचं, येणाऱ्याजाणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. पाच वाजले की ती पायऱ्यांच्या खाली खुर्ची टाकायची आणि मांडीवर ते निळं एनॅमलचं भांडं घ्यायची, ज्यात एरवी टोमॅटोच्या बरण्या उकळायची. भांड्यात अखंड चॉकलेटं, इतरांसारखे बोटभर तुकडे नव्हेत. “जोक सांग,” ती म्हणायची. निम्मी पोरं तोच जोक आणायची. सांगाडा रस्ता ओलांडायला का घाबरला? त्याच्या अंगात काळीजच नव्हतं. लोरीनच्या चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही. “हा ऐकलेला आहे. दुसरा सांग.” दुसरा नसला की पोरगं रडकुंडीला यायचं, मग ती थोडा वेळ तसंच लोंबकळू द्यायची आणि शेवटी भांडं पुढे करायची. अडतीस वर्षांत माझ्या पायरीवरून एकही मूल रिकाम्या हाताने गेलेलं नाही, हे ती वर्षभर कोणत्याही विषयात घुसवून सांगायची. बाईला दुसरा कसला गर्व नव्हता, तेवढा होता.

बसमधली ती पोरं पुढे मोठी झाली, आईबाप झाली, आणि आपापली पोरं गाडीत घालून आमच्या गल्लीत आणू लागली. त्यांनी आणखी कोणाकोणाला सांगितलं. दरवर्षी गर्दी वाढत गेली. म्हणजे ज्या बाहेरच्या गर्दीबद्दल समितीने कागद काढला होता, ती गर्दी लोरीनची पाहुणी होती. तिने बोलावलेली होती. घरच्या पाहुण्याला दारातून परत पाठवायचं, तेही आपल्याला न विचारता, म्हणजे काय?

ती समितीच्या बैठकीला गेली. चर्चच्या तळघरात तीसेक माणसं कॉफीचे कप धरून बसली होती. ब्राइस हॅलोरन सहा वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या घरात राहायला आला. गोड बोलणारा, चाळिशीतला माणूस. त्याचा आवाज कधी चढत नाही, आणि त्याचाच लोरीनला जास्त संताप येतो. भांडायचं असेल तर माणसाने निदान आवाज तरी चढवावा. तो म्हणाला की यात कोणाचा द्वेष नाही, फक्त व्यवस्था आहे. गेल्या वर्षी रिव्हर्समध्ये येणाऱ्या एका गाडीखाली एक लहान मुलगा येता येता वाचला, हे त्याने सांगितलं. ते खरं होतं. फक्त ती गाडी आमच्याच गल्लीतल्या डॉक्टरची होती, हे मात्र त्याने सांगितलं नाही. ते लोरीनने सांगितलं. गाड्यांची भीती असेल तर गाड्या अडव, पोरं कशाला अडवतोस, हा चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचा प्रकार आहे, असं ती म्हणाली. वर असंही म्हणाली की ज्यांना या गल्लीत येऊन पुरती दहा वर्षं झालेली नाहीत त्यांनी आधी हिवाळ्यात फुटपाथवरचा बर्फ कोणाच्या दारापर्यंत ढकलायचा ते शिकावं आणि मग गल्लीचं तोंड बंद करावं. हात वर झाले. एकोणीस त्याच्या बाजूने, तिच्या बाजूने चार. त्या चारांतही एका म्हाताऱ्याने नुसती पाठ खाजवायला हात उचलला होता, अशी नंतर गल्लीत चर्चा झाली.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. ब्राइसची मुलगी टिली, सात वर्षांची, समोरचे दोन दात पडलेली, लोरीनच्या पायऱ्यांवर सप्टेंबरपासून रोज यायची. तिला लोरीनने कधीच न ऐकलेला जोक आणायचा होता. ग्रंथालयातून पुस्तकं आणायची, आजोबांना फोन करायची, शाळेतून घरी जाताना लोरीनपुढे उभी राहून तालीम करायची. चेटकीण झाडूवर बसून का उडते? व्हॅक्युम क्लीनरची वायर तेवढी लांब नसते. “ऐकलेला आहे,” लोरीन टोमॅटो चिरता चिरता म्हणायची. टिली दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. बापाचं लोरीनशी भांडण झाल्यावरही ती येत राहिली, आणि लोरीनही तिला ऐकलेला आहे, ऐकलेला आहे करत राहिली. ऑक्टोबरच्या शेवटी टिली म्हणाली की आता मिळालाय, पण तो एकतीस तारखेलाच सांगणार, आज नाही. लोरीनने खांदे उडवले, पण वाट बघू लागली.

एकतीस तारीख आली. पाच वाजता लोरीन पिवळे पट्टे बांधलेल्या खुर्चीत बसली. भांडं काठोकाठ भरलेलं. साडेपाच झाले, पावणेसहा झाले. आली ती सारी पट्टेवाली पोरं, बोटांवर मोजण्याएवढी. गल्ली मयत झालेल्या घरासारखी शांत. दूर तोंडाशी बॅरिकेडपाशी ब्राइस आणि दोघेतिघे चमकदार जाकिटं घालून उभे, हातात टॉर्च. एक डायनॉसॉर आणि दोन पऱ्या झालेली पोरं त्यांच्यापुढे थांबली, काही बोलणं झालं आणि आल्या पावली परत फिरली. लोरीन खुर्चीवरून ते बघत होती.

मग फोन वाजला. केनेशाचा. केनेशा तिच्या बसमध्ये पहिलीपासून बसलेली, खिडकीशी, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर. आता चाळिशीला आलेली, दरवर्षी आपली दोन आणि शेजारच्यांची चार पोरं घेऊन येणारी. ती म्हणाली, मिस लोरीन, इथे आत सोडत नाहीयेत, पट्टा मागतायत. पोरं वैतागलीत. आम्ही जातो परत, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तिने ते इतक्या सवयीच्या आवाजात सांगितलं, जसं काही दुकान बंद असल्याचं सांगावं. लोरीनला त्या आवाजाचाच जास्त राग आला.

“जागची हलू नकोस,” लोरीन म्हणाली. “मी येते.”

एका काखेत खुर्ची, दोन्ही हातांत भांडं, अशी सत्तरीला टेकलेली बाई गल्लीच्या मधोमध चालत निघाली. कोणी मदतीला धावलं तर तिने नुसतं बघितलं आणि ते माणूस जागच्या जागी थिजलं. बॅरिकेडपाशी ब्राइस दोन पावलं पुढे आला.

“मिसेस टेबो, आपण बैठकीत ठरवलं होतं.”

“तुम्ही ठरवलंत ते गल्लीच्या आत,” लोरीन म्हणाली. “बाजूला हो. मी बाहेर चाललेय.”

आणि ती बॅरिकेडच्या कडेने बाहेर गेली, हमरस्त्याच्या फुटपाथवर, बंद लाँड्रीच्या पुढ्यात. तिथे दुकानाच्या पाटीचा दिवा होता. त्याच्याखाली तिने खुर्ची मांडली, भांडं मांडीवर घेतलं आणि रस्त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, “जोक सांगितल्याशिवाय चॉकलेट नाही!”

केनेशाच्या गाडीतून सहा पोरं उतरली. परत चाललेला डायनॉसॉर फिरला, दोन्ही पऱ्या फिरल्या. कोणी कोणाला फोन केले देव जाणे, पण वीस मिनिटांत त्या फुटपाथवर रांग लागली ती पार बसथांब्यापर्यंत. सांगाडे आणि त्यांची काळजं यायला लागली. “ऐकलेला आहे. दुसरा सांग.” एका चिमुरडीने विचारलं, भूत शाळेत का जात नाही? गेलं तरी बाई गैरहजेरीच लावतात. हा मात्र लोरीनने ऐकलेला नव्हता. ती एवढ्या जोरात हसली की भांड्यातली चॉकलेटं खाली सांडली.

पण तिच्या पोटातली आग काही विझेना. उलट गर्दी झाली, लोक टाळ्या वाजवू लागले, तशी ती जास्तच भडकली. तिला ब्राइसच्या नाकाला मिरच्या झोंबवायच्या होत्या. आतली दोन पोरं पट्टे मिरवत बॅरिकेडच्या फटीतून बाहेर आली, अखंड चॉकलेटांच्या वासाने. लोरीनने त्यांच्या मनगटांकडे बघितलं आणि ब्राइसला ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाली की पट्टेवाल्यांना इथे काही मिळणार नाही, पट्टेवाल्यांसाठी आत मोठी व्यवस्था आहे. रांगेतली मोठी माणसं हसली. ती दोन पोरं खांदे उडवत आत पळाली. लोरीनला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, जिभेवर साखर ठेवल्यासारखं वाटलं तिला. बॅरिकेडपलीकडे ब्राइसने मान खाली घातली, तेही तिने बघून घेतलं.

आणि मग रांगेत पुढे आली टिली.

ती मधमाशी झाली होती. तारेचे पंख, डोक्यावर दोन लोंबते गोळे. त्या दोघांसारखी ती पुढे घुसली नव्हती. पार बसथांब्यापासून रांगेत उभी राहून आली होती, केनेशाच्या धाकट्याच्या मागे. तिने घसा खाकरला, हात पाठीमागे बांधायला नेले आणि जोक सुरू करणार तेवढ्यात तिच्या मनगटावरचा पिवळा पट्टा दिव्यात चमकला.

लोरीनने तो बघितला. टिलीही दिसत होतीच, नाही असं नाही. पण जीभ सुटली होती.

“पट्टा आहे ना तुझ्या हातात?” ती म्हणाली, तोंड टिलीकडे पण आवाज बॅरिकेडकडे. “मग इथे काय करतेयस? जा आत, बाबाकडे माग. इथे पट्टेवाल्यांना चॉकलेट नाही.”

या खेपेला रांगेतलं कोणी हसलं नाही.

टिली हलली नाही. तिने हात पुढे घेतला, मनगटाकडे बघितलं आणि पट्टा ओढू लागली. तो निघेना. कात्रीशिवाय निघत नव्हताच. मग तिने मनगट तोंडाशी नेलं आणि दातांनी पट्टा चावायला लागली. पुढचे दोन दात नाहीत, म्हणून मान वाकडी करून बाजूच्या दातांनी. नेटाने. पट्टा कातडीत रुतला, लाल वळ उठला, तरी ती चावत होती.

अडतीस वर्षं. सत्तावीस वर्षं बसचं दार उघडून तिने पोरं चढवली होती आणि कधी कोणाला, तू कोणाची, म्हणून विचारलं नव्हतं. आणि जे करायला ब्राइसला एकोणीस हात लागले होते, तेच आज तिने एकटीने केलं होतं, टाळ्यांसाठी.

“राहू दे तो पट्टा,” ती म्हणाली. “टिली. राहू दे गं. जोक सांग तुझा.”

टिलीने तोंडातून मनगट काढलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती रडत नव्हती. तीही तापटच होती.

“मला नकोय तुमचं चॉकलेट,” ती म्हणाली आणि वळून बॅरिकेडच्या आत निघून गेली. डोक्यावरचे गोळे हलत होते.

लोरीन खुर्चीतून अर्धवट उठली, पण भांडं मांडीवर होतं, आणि तोवर मधमाशी बापाच्या जाकिटाआड गेलीही होती. केनेशा बाजूला उभी होती. ती हळूच म्हणाली, “रांगेत माझ्या पोरांशी खेळत होती ती. म्हणत होती, मिस लोरीन माझी मैत्रीण आहे.”

“आहे,” लोरीन म्हणाली. पुढच्या पोराला तिने जोक न ऐकताच चॉकलेट दिलं. ते पोरगं गोंधळून तिच्याकडे बघत राहिलं.

भांडं साडेसातला रिकामं झालं. लोकांनी तिची खुर्ची उचलून घरापर्यंत आणली, पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीत तिच्या पराक्रमाची चर्चा. ज्यांनी बैठकीत तिच्याविरुद्ध हात वर केले होते तेही म्हणू लागले, काय बाई आहे. तिला एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती. माझ्या पायरीवरून एकही मूल रिकाम्या हाताने गेलं नाही, हे वाक्य आता तिला मरेपर्यंत म्हणता येणार नव्हतं, आणि ते कोणालाच कळलं नव्हतं.

संध्याकाळी ती एक अखंड चॉकलेट आणि शिवणाची कात्री घेऊन कोपऱ्यावरच्या घरी गेली. दार ब्राइसने उघडलं. तो काहीतरी बोलायला लागला, पुढच्या वर्षी समितीत पुन्हा विचार करू वगैरे. लोरीनने त्याला हातानेच थांबवलं.

“तुझ्यावर मी अजून चिडलेलीच आहे,” ती म्हणाली. “ते भांडण आपण नंतर करू, मी विसरणार नाही. तुझ्या मुलीला बोलाव. तिची माफी मागायचीय.”

ब्राइस आत गेला. टिली आली ती उंबऱ्याच्या आत थांबली. पट्टा अजून हातात होता, कडेने चावून झिरमिळ्या झालेला. कोणाला कापू दिला नव्हता म्हणे. बाहेर लोरीन, आत टिली. लोरीनने कालचं सगळं सांगितलं, शब्द न गिळता. की चूक माझी होती, तुझ्या बाबाची नव्हे. की राग त्याच्यावर होता आणि काढला तुझ्यावर. की तू रांगेत उभी होतीस आणि तुझा हक्क होता. मग तिने चॉकलेट पुढे केलं.

टिलीने ते घेतलं नाही. तिने पाठीमागे हात बांधले आणि लोरीनकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

“जोक सांगा,” ती म्हणाली.

अडतीस वर्षं हजारो जोक ऐकलेल्या त्या बाईला त्या क्षणी एक आठवेना. भुताचा कालचा तो नवीन, तोही डोक्यातून पार पुसला गेला. शेवटी तिने जो सुचला तो सांगितला. सांगाडा रस्ता ओलांडायला का घाबरला? त्याच्या अंगात काळीजच नव्हतं.

टिलीच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

“हा ऐकलेला आहे,” ती म्हणाली. “दुसरा सांगा.”

आणि लोरीन एका हातात चॉकलेट, एका हातात कात्री धरून त्या पायरीवर उभी राहून दुसरा आठवू लागली.